घरचा संगणक आणि शाळेची वर्णमाला

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवात साठ वर्षांच्या आठवणी निघणे स्वाभाविक आहे. त्या सांगणारे अनेक अधिकारी वक्ते या मंचावर आहेत. प्रस्तुत भाषणाचा विषय त्यामानाने फार घरगुती आहे. घरातल्या टेबलावरचा संगणक, त्यावर मराठी लिहिताना होणारी चिडचिड आणि ती दूर झाली म्हणजे होणारा छोटासा आनंद, एवढाच हा विषय. परंतु महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे कशासाठी चालवायची, या प्रश्नाचे एक उत्तर त्याच टेबलावर मिळते. म्हणून तो निवडला आहे.

मराठीच्या मानाचे दिवस दिल्लीने नुकतेच पाहिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाठोपाठ फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियमवर डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या संमेलनानंतर दिल्लीला हा मान पुन्हा मिळाला. हे सारे अभिमानाचे आहे. पण भाषेला मिळालेला दर्जा घरात आपोआप उतरत नाही. घरातील भाषेचा निकाल रोज लहान लहान प्रसंगी लागत असतो. आजीला निरोप पाठवायचा आहे. मराठी कळफलक सापडत नाही. बोटे रोमन अक्षरांकडे वळतात. मुलाचा निबंध टंकून छपाईच्या दुकानात नेला, तर कागदावर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. पुढच्या वेळी कोणी त्या भानगडीत पडत नाही. मराठी नको, असे यांपैकी कोणीच म्हणत नाही. त्या वेळी घाई असते, एवढेच.

येथे एक घर डोळ्यांपुढे आणावे. हे घर कोणा एका कुटुंबाचे नाही. अनेकांच्या घरांत घडणाऱ्या गोष्टी त्यात एकत्र केल्या आहेत. लक्ष्मीबाई नगरातील सरकारी क्वार्टर आहे. वडील केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरीला आणि निवृत्तीला काही महिने उरलेले. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागणार, म्हणून माळ्यावरचे सामान हळूहळू खाली येऊ लागले आहे. घरात पंचाऐंशीच्या आजी आहेत, आई आहे, आणि मराठी शाळेतून दहावी होऊन आता महाविद्यालयात गेलेली मुलगी आहे. एका रविवारी जुन्या पावत्यांच्या डब्यात एक सीडी सापडते. तिच्यावर वडिलांच्या अक्षरात लिहिलेले असते : ‘नानांच्या आठवणी, १९९८.’

नाना म्हणजे आजोबा. त्यांचे गाव सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात होते. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी धरणाने पाणी अडवले आणि खोऱ्यातील इतर अनेक गावांप्रमाणे ते गाव शिवसागर जलाशयाखाली गेले. नाना नोकरीसाठी दिल्लीला आले होते. निवृत्तीनंतर त्यांनी एका वहीत गावाच्या आठवणी लिहिल्या : शेतांची नावे, पाणवठे, देवळाचा उत्सव, कोणत्या घराशेजारी कोणते घर. नेहरू प्लेसमधून सुटे भाग जोडून आणलेल्या संगणकावर वडिलांनी त्या रात्री बसून टंकल्या, फ्लॉपीत ठेवल्या आणि पुढे सीडीवर उतरवल्या. वही नातेवाइकांच्या हातोहाती फिरताना कोठेतरी हरवली. नाना गेले. गाव तर आधीच गेले होते. आता उरली होती ती ही सीडी आणि आजींची स्मरणशक्ती.

पहिली अडचण सीडी घालायची कोठे, ही. नव्या लॅपटॉपला सीडीसाठी जागाच नसते. शेजाऱ्यांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. फाइल उघडली. पडद्यावर पन्नास पाने आली. परंतु त्यांत मराठीचा एकही शब्द नव्हता. रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि आकडे यांची सरमिसळ होती. वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “खराब झाली वाटते.”

पण फाइल खराब झालेली नव्हती. ती वाचायची कशी, हेच नव्या संगणकाला ठाऊक नव्हते. असे का होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण अशा फाइली असंख्य मराठी घरांत पडून आहेत.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला केवळ क्रमांक कळतो. सुरुवातीच्या अमेरिकी संकेतात १२८ क्रमांक होते. त्यांत इंग्रजीची अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे बसली. देवनागरीला जागाच नव्हती. तेव्हा एक सोंग शोधून काढले गेले. क्रमांक रोमन अक्षराचाच ठेवायचा आणि पडद्यावर त्याचा आकार मात्र देवनागरीचा दाखवायचा. हे काम फॉन्ट करी. उत्तर भारतात अतिशय रुळलेल्या कृतिदेव फॉन्टचेच उदाहरण घ्या. रोमन लिपीतल्या लहान ‘डी’ला त्याने ‘क’चा वेश दिला. ‘मराठी’ हा शब्द त्यात ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच रोमन अक्षरांच्या रूपाने साठवला जाई. फॉन्ट आहे तोवर बहुरूप्याचा वेश छान दिसतो. फॉन्ट नाही, म्हणजे वेश उतरला. मग ई, जे, के, बी, एच एवढेच उरते. शिवाय प्रत्येक फॉन्टचा वेश निराळा. एकाने टंकलेले दुसऱ्याकडे वाचता येईना. त्या काळी मराठी मजकुराबरोबर फॉन्टही पाठवावा लागे, तो यामुळेच.

यावर उपाय आपल्याच देशात आधीपासून शोधला जात होता, हे मुलांना अवश्य सांगावे. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीमध्ये देवनागरी संगणकावर आणण्याचे मूलभूत काम झाले. मोहन तांबे यांनी तेथे सुरू केलेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने वाढले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. भारतीय लिप्यांचा ‘इस्की’ हा संकेत १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधारे करण्यात आली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५ आणि आपल्या ‘ळ’चा २३५५. हे क्रमांक दिल्लीत, पुण्यात आणि न्यू जर्सीतही तेच. आता वेश घेण्याचे कारण उरले नाही.

तरीही हा संकेत घरातल्या टेबलापर्यंत पोहोचायला वर्षे लागली. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय प्रथम आली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट मराठीतील कवी आणि सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला होता. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीमध्ये ती सोय होती, पण झोपलेली. भाषांच्या पानावर जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे, आणि मग संगणक मूळ सीडी मागे. ती सीडी ज्यांच्याजवळ नसे त्यांची मराठी तेथेच थांबे. ज्यांनी ती खूण शोधून काढली आणि पडद्यावर पहिला सरळ मराठी शब्द उमटलेला पाहिला, त्यांना तो दिवस आजही आठवत असेल.

पुन्हा त्या घरात जाऊ या. मुलीच्या ध्यानात एक गोष्ट आली. फॉन्ट संगणकात नसला तरी त्याचे नाव फाइलमध्ये राहते. अगम्य मजकुरावर कर्सर ठेवला की वरच्या पट्टीत ते नाव दिसते. तिने ते लिहून घेतले. त्या नावाचा फॉन्ट महाजालावर शोधला आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे मोफत साधनही मिळवले. प्रथम मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवली, हे तिचे विशेष शहाणपण. मग एक परिच्छेद उचलून त्या साधनात टाकला आणि कळ दाबली. मराठी उमटली. तिने मोठ्याने वाचले : “आमच्या घराच्या मागच्या बाजूस…” आजी पलंगावर पडल्या होत्या त्या उठून बसल्या.

परंतु लढाई अर्धीच झाली होती. ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली होती, रफार एक घर पुढे सरकले होते, जोडाक्षरे विस्कटली होती. त्यालाही कारण आहे. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने टंकत. ‘कि’ लिहायचे तर वेलांटी आधी, ‘क’ नंतर. ‘कर्म’ लिहायचे तर रफार सर्वांत शेवटी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. तेथे ‘क’ आधी, वेलांटी नंतर. आणि ‘कर्म’मध्ये रफाराचा ‘र’ ‘म’च्या आधी. एका क्रमातून दुसऱ्या क्रमात नेताना रूपांतर करणारे साधन चुकते. ते माणसाने वाचूनच सुधारावे लागते.

येथे मुलीपुढे खरा प्रश्न उभा राहिला. ती मैत्रिणींना मराठी निरोप पाठवीत असे, पण रोमन अक्षरांत. पन्नास पाने सुधारायची तर देवनागरी टंकता यायला हवी. रोमनमधून देवनागरी करणारी साधने तिने वापरून पाहिली. ती सोपी होती. पण ‘काळ’ हवा तेथे ‘काल’ सुचवीत, आणि गावाकडचे शब्द तर त्यांना ठाऊकच नव्हते. वडिलांना कचेरीत शिकलेले जुने हिंदी टंकलेखन येत होते, पण ती मांडणी पाठ करायला महिने लागतात. तेव्हा तिने इन्स्क्रिप्ट हा कळफलक उघडला. तो भारतीय भाषांसाठी ठरवलेला प्रमाण कळफलक आहे आणि प्रत्येक नव्या संगणकात विनामूल्य असतो.

पालकहो, या कळफलकाची रचना लक्षपूर्वक पाहावी. बहुतेक स्वर डाव्या हाताकडे आहेत आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत क, च, ट, त, प ही पाच वर्गांची पहिली अक्षरे आहेत. त्यांच्या बरोबर वरच्या ओळीत ग, ज, ड, द, ब ही तिसरी. शिफ्टची कळ दाबली की मधल्या ओळीतून ख, छ, ठ, थ, फ मिळतात आणि वरच्या ओळीतून घ, झ, ढ, ध, भ. डावीकडे मधल्या ओळीत ऱ्हस्व वेलांटी व ऱ्हस्व उकार आणि वरच्या ओळीत दीर्घ. शिफ्टबरोबर तीच कळ इ आणि उ देते. ‘ल’च्या कळेवर शिफ्टने ‘ळ’ येतो. जोडाक्षरासाठी पाय मोडण्याची एकच कळ. ‘ज’चा पाय मोडून ‘ञ’ लिहिला की ‘ज्ञ’ तयार होतो. ‘क’चा पाय मोडून ‘ष’ लिहिला की ‘क्ष’.

ही तर पहिलीच्या वर्गाच्या भिंतीवरची वर्णमाला आहे! कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. अल्पप्राण आणि महाप्राण. ऱ्हस्व आणि दीर्घ. व्याकरणाच्या तासाला कंटाळत पाठ केलेले हे कोष्टक संगणकाच्या कळांवर जसेच्या तसे मांडलेले आहे. ज्याने वर्णमाला वर्गवारीने शिकली आहे, त्याला अर्धा कळफलक आधीच येतो. त्या मुलीला पहिल्या दिवशी एक ओळ लिहायला दहा मिनिटे लागली. रोज अर्धा तास बसल्यावर तीन आठवड्यांनी कळांकडे न पाहता लिहिता येऊ लागले. आणखी एक गंमत तिच्या ध्यानात आली. गुजराती आणि बंगाली यांसारख्या लिप्यांचा कळफलकही याच मांडणीचा असल्यामुळे शेजारच्या बंगाली मैत्रिणीच्या कळफलकावरही ‘क’ त्याच जागी होता. दिल्लीसारख्या शहरात हे शेजारधर्माचेच साधन म्हणावे लागेल.

या काळात घरात लहानसहान फजित्या झाल्याच. एके सकाळी आईला संगणक उघडता येईना. पासवर्ड तीन वेळा नाकारला गेला. रात्री मुलीने कळफलक मराठीवर ठेवला होता आणि पासवर्ड देवनागरीत उमटत होता. कोपऱ्यातली भाषेची खूण आधी पाहावी, हा धडा त्या दिवशी सर्वांनी घेतला. ‘ॲ’ने निराळाच त्रास दिला. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. २००९ साली महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने ते प्रमाण वर्णमालेतही आले. त्यापूर्वी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवीत. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, पण क्रमांक निराळे; म्हणून एक शोधले तर दुसरे सापडत नाही. नानांच्या आठवणींतले ‘ॲल्युमिनियम’चे भांडे त्यामुळे दोन दिवस हुलकावणी देत राहिले.

दुरुस्तीची पद्धत अशी ठरली. रात्रीच्या जेवणानंतर मुलगी दोन पाने मोठ्याने वाचे, आजी ऐकत आणि चुकले की थांबवीत. मूळ वही नसल्यामुळे ताडून पाहायला आजींचे कानच होते. एका रात्री वाक्य आले, ‘आमच्या गावाभोवती डोंगर आणि खोल दर्या.’ मुलीने रफार देऊन वाचले. आजी म्हणाल्या, “अगं, दर्या नव्हे, दऱ्या. सह्याद्रीत दर्या कुठला?” वडील ओशाळले. त्या जुन्या फॉन्टमध्ये हा ‘ऱ्य’ त्यांना कधी सापडलाच नव्हता, म्हणून त्यांनी सगळीकडे रफारावर भागवले होते. मुलीने इन्स्क्रिप्टवर शोधले. ‘र’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ऱ’ मिळाला. त्याचा पाय मोडून ‘या’ लिहिले आणि ‘दऱ्या’ पडद्यावर आल्या. ती आनंदाने ओरडली, “आजी, जमलं बघ!” आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तसं चुकलेलंही खरंच होतं. आमच्या दऱ्यांचा दर्याच झाला.”

एका रफाराचा हा प्रश्न आहे, आणि तो किरकोळ वाटतो. पण दर्या आणि दऱ्या, आचार्यांचा आणि आचाऱ्यांचा, हे भेद जपणारी खूण मराठीची स्वतःची आहे. शेजारच्या हिंदीला तिची गरज पडत नाही. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाने ती जपली नाही, तर येथे दुसरे कोण जपणार? ‘ळ’चेही तेच आणि मराठी वळणाच्या ‘ल’ व ‘श’चेही तेच. हिंदीसाठी घडवलेला फॉन्ट निवडला की हे आकार बदलतात. मराठी आकार देणारे फॉन्ट मोफत मिळतात, पण ते मागून घ्यावे लागतात.

रोमन अक्षरांत निरोप लिहिणाऱ्या मुलांना रागवून काही साधत नाही. त्यांना ते सोयीचे आहे आणि वाचणारा अर्थ लावून घेतो. एम, ए, एल, ए ही चार अक्षरे ‘मला’ वाचावीत, ‘माला’ वाचावीत, ‘मळा’ वाचावीत की ‘माळा’, हे संदर्भ सांगतो. संदर्भ ठाऊक असलेली माणसे जवळ आहेत तोवर हे चालते. नानांनी आठवणी अशा लिहिल्या असत्या तर बुडालेल्या गावातल्या शेताचे नाव ‘मळा’ होते की ‘माळा’, हे पंचवीस वर्षांनी कोणी सांगितले असते? आज आजी आहेत. सदैव असणार नाहीत.

लिपी कशी मागे पडते याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ही वसाहत ज्या राणी लक्ष्मीबाईंचे नाव सांगते, त्यांच्या काळी मराठी पत्रव्यवहार मोडी लिपीत चाले. मोडी हातांनी भराभर लिहायला सोयीची, पण छापखान्याच्या खिळ्यांना गैरसोयीची होती. छपाई देवनागरीत स्थिरावली, शाळांतून मोडी हळूहळू गेली, आणि आज आपल्याच पूर्वजांचे कागद वाचायला जाणकार शोधावा लागतो. मोडीवर कोणी चढाई केली नव्हती. यंत्राची गैरसोय तेवढी पुरली. २०१४ साली युनिकोडने मोडीला जागा दिली, हे चांगलेच झाले. पण तोवर ती रोजच्या व्यवहारातून गेलेली होती. देवनागरी मराठीचे नशीब याहून चांगले आहे. यंत्राची गैरसोय आता बहुतांशी संपली आहे. मोबाइल फोनवर सर्व अनुसूचित भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत, असे भारतीय मानकही २०१६ पासून आहे. उरली आहे ती सवयीची गैरसोय, आणि ती घरातच दूर होऊ शकते.

त्यासाठी करावयाच्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. संगणकावर आणि फोनवर मराठी कळफलक एकदाच जोडून ठेवावा. पाच मिनिटांचे काम आहे. मुलांना इन्स्क्रिप्टचा तक्ता छापून टेबलासमोर लावून द्यावा आणि सुट्टीत तीन आठवडे रोज अर्धा तास सराव करवून घ्यावा. नवे जे काही लिहायचे ते युनिकोडमध्येच लिहावे. दुकानात छपाईला फाइल नेताना पीडीएफ करून न्यावी, म्हणजे फॉन्ट तिच्यातच सोबत जातो आणि चौकोन उमटत नाहीत. आणि घरातल्या जुन्या फ्लॉप्या, सीड्या, बंद पडलेल्या संगणकातल्या डिस्का भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. अगम्य दिसणारी फाइल पुसून टाकू नये. आधी तिच्या फॉन्टचे नाव वाचावे. सीडी आणि फ्लॉपी यांना आयुष्य असते. त्यांच्यावरचे लेखन आज वाचवता येईल, दहा वर्षांनी येईलच असे नाही.

त्या घरातील काम चार महिने चालले. शेवटची दुरुस्ती झाली त्या आठवड्यात सामान बांधायला सुरुवात झाली होती. मुलीने मोठ्या अक्षरांत एक प्रत छापून आणली. आजींनी चष्मा लावला आणि शेवटच्या पानावरची शेतांची नावे बोट ठेवून एकेक वाचली. सतरा नावे होती. एका नावापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “याला ऱ्हस्व नाही, दीर्घ वेलांटी हवी.” मुलीने लॅपटॉप उघडला. मधल्या ओळीतले बोट वरच्या ओळीत गेले, वेलांटी दीर्घ झाली. या कामाला एक क्षण लागला. पण त्या क्षणासाठी मुलीला वेलांटीतला भेद ठाऊक असावा लागला, आणि तो तिला शाळेने शिकवला होता.

मराठी शाळा दिल्लीत मुलांना काय देते, असे पालक अनेकदा विचारतात, आणि तो प्रश्न रास्तच आहे. शाळा बरेच काही देऊ पाहते. त्यांतले सर्वांत लहान आणि सर्वांत टिकाऊ देणे म्हणजे ही वर्णमाला. ती पाटीवर चालली, टाइपरायटरवर चालली आणि संगणकावरही चालते आहे. माजी विद्यार्थ्यांनी या महोत्सवी वर्षात आपापल्या घरातली एक तरी जुनी मराठी फाइल, एक तरी वही, एक तरी पत्र युनिकोडमध्ये आणून ठेवावे, आणि ते काम घरातल्या लहान मुलाला शेजारी बसवून करावे, अशी विनंती आहे. मोठ्याने वाचायला मूल असावे आणि चुका सांगायला आजी-आजोबा असावेत. हे दोघेही घरात असण्याची वर्षे फार नसतात.